मासा काचेच्या पेटीत कसा आला

माणूस मासे पाळू लागला त्याला काही हजार वर्षे झाली, परंतु घरातल्या काचेच्या पेटीत मासे ठेवून ते वर्षानुवर्षे जगवण्याचे तंत्र जेमतेम पावणेदोनशे वर्षांचे आहे. हे अंतर का पडले, हा प्रश्न मला या छंदाच्या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. काच रोमन लोकांना ठाऊक होती, रंगीत मासे चिनी लोकांजवळ होते, हौस आणि पैसा तर सगळ्याच दरबारांत होता. नव्हते ते एकच: बंद भांड्यातल्या पाण्यात मासा सोडल्यावर त्या पाण्याचे पुढे काय होत जाते, याचे ज्ञान. आजही सोलापुरात कोणी हौसेने नवा टँक आणतो आणि आठवड्याभरात मासे एकेक करून तरंगू लागतात, तेव्हा कारण बहुतेक वेळा तेच असते, जे १८४० साली लंडनमध्ये होते. म्हणून या छंदाची जन्मकथा आणि टँकमागचे शास्त्र या दोन्ही गोष्टी येथे एकत्रच सांगतो.

सुरुवात अर्थातच तळ्यांपासून झाली. प्राचीन इजिप्तमधील थडग्यांच्या भिंतींवर बागेच्या मधोमध आयताकृती तळे आणि त्यात पोहणारे तिलापिया मासे रंगवलेले आढळतात. रोमन धनिकांनी समुद्रकाठी दगडी हौद बांधले आणि त्यांत वामीसारखे लांबट मोरे मासे पाळले. लुसियस क्रॅसस या प्रसिद्ध वक्त्याने आपला लाडका मासा मेल्यावर त्याचा शोक केला, अशी हकीकत तेव्हाच्या लेखकांनी नोंदवून ठेवली आहे. आपल्या भागापुरते बोलायचे, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘मत्स्यविनोद’ नावाचे प्रकरण असून त्यात माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य आणि गळाने मासे धरण्याची रीत सांगितली आहे. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आणि त्याच शतकात सोलापुरात सिद्धरामेश्वरांनी तलाव निर्माण केला, ज्याच्या मध्यभागी आज सिद्धेश्वराचे मंदिर उभे आहे. शृंगेरीला तुंगेच्या घाटावर किंवा रायगड जिल्ह्यात वाळणकोंडीला भाविक देवाचे मासे म्हणून ज्यांना खाऊ घालतात, ते मासेही एका अर्थाने पाळलेलेच आहेत.

या सर्व ठिकाणी मासे जगले, कारण पाण्याचा साठा मोठा होता. वाऱ्याने पृष्ठभाग हलत राहतो, तळाशी गाळ असतो, गाळात अब्जावधी सूक्ष्मजीव असतात, काठाने शेवाळ आणि पाणवनस्पती वाढतात, आणि माशांची घाण या साऱ्यांत जिरून जाते. तळ्याच्या मालकाला यातले काही माहीत असण्याची गरज नव्हती. तळे स्वतःच सगळे करत होते.

शोभेसाठी म्हणून मासा पिढ्यानपिढ्या निवडून वाढवण्याचे काम मात्र चीनने केले, आणि ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. आज ज्याला आपण गोल्डफिश म्हणतो, त्याचा पूर्वज कार्प कुळातला एक राखाडी-हिरवट, खाण्याचा साधा मासा होता. माशाच्या कातडीत काळे, पिवळे आणि तांबडे रंगद्रव्य धरणाऱ्या वेगवेगळ्या पेशी असतात. क्वचित एखाद्या पिल्लात काळ्या पेशी तयार होत नाहीत आणि खालचा केशरी-सोनेरी रंग उघडा पडतो. नदीत असे पिल्लू बगळ्याला लांबूनच दिसते आणि फार दिवस टिकत नाही. चीनमध्ये मात्र बौद्ध मठांजवळ अशी तळी होती, जेथे पकडलेले जीव पुण्यासाठी सोडून दिले जात आणि त्यांना कोणी मारत नसे. नेहमीचा मासा बाजारात विकला जाई आणि वेगळ्या रंगाचा मासा तळ्यात सोडला जाई, त्यामुळे ज्या रंगाने जीव जायचा तोच रंग जीव वाचवणारा ठरला. सोंग राजवटीत (९६० ते १२७९) राजवाड्यातील तळ्यांत सोनेरी मासे मुद्दाम राखले जाऊ लागले, आणि मिंग राजवटीत (१३६८ ते १६४४) ते तळ्यांतून काढून चिनी मातीच्या रुंद तोंडाच्या रांजणांत, घराच्या आत आले.

रांजणातला मासा फक्त वरून दिसतो. त्यामुळे निवडही वरून शोभेल अशाच माशांची झाली: पसरट दुहेरी शेपटी, गोलसर अंग, बाहेर आलेले डोळे, आणि पुढे तर आकाशाकडे डोळे वळलेली एक जात. पाहण्याची जागा बदलली की पाळलेल्या प्राण्याचा आकार बदलतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही. काचेमुळे माशाची बाजू दिसू लागली, त्यानंतर उंच पंखांचे एंजल आणि लांब शेपटीचे गप्पी लोकांच्या मनात भरले, हे त्याच नियमाला धरून आहे.

१७व्या शतकात गोल्डफिश व्यापारी जहाजांतून युरोपात पोहोचला. त्याच सुमारास लंडनच्या सॅम्युअल पेपिसने २८ मे १६६५ च्या रोजनिशीत काचेच्या भांड्यात ठेवलेले, अंगावर सुंदर खुणा असलेले परदेशी मासे पाहिल्याची नोंद केली, आणि ते तसेच कायम जगतात असेही लिहिले. हे चीनकडचे पॅराडाइज मासे असावेत, असे जाणकार मानतात, आणि तसे असेल तर त्यांच्या तगण्याचे कारण त्यांच्या श्वासात आहे, ज्याकडे पुढे यायचेच आहे. बाकीच्या माशांचे हाल झाले. गोल भांड्यात गोल्डफिश ठेवायचा, रोज सगळे पाणी बदलायचे, काही आठवड्यांनी मासा मेला की नवा आणायचा, अशी पद्धत पुढे जवळजवळ दोन शतके चालली.

आता शास्त्राकडे वळू. माशाला पाण्यात श्वास घ्यावा लागतो, आणि पाणी हे श्वासासाठी फार गरीब माध्यम आहे. एक लिटर हवेत सुमारे २७० मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो, तर २५ अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त ८ मिलिग्रॅमच्या आसपास विरघळतो. हा ऑक्सिजन पाण्यात मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून शिरतो. गोल भांडे काठोकाठ भरले, की पाणी भरपूर पण हवेला टेकलेला पृष्ठभाग वाटीएवढाच उरतो. मासा वर येऊन तोंड उघडझाप करू लागतो तो भुकेने नव्हे, तर श्वास पुरत नाही म्हणून. एअर पंपाचे बुडबुडे दिसायला छान असतात, परंतु त्यांचे खरे काम पाणी खालीवर ढवळून पृष्ठभाग सतत नवा करण्याचे आहे. बुडबुड्यातून वर जाता जाता जो ऑक्सिजन विरघळतो, तो त्या मानाने थोडा असतो.

पाण्यात ऑक्सिजन आणण्याचा दुसरा मार्ग वनस्पतींचा, आणि तो समजण्यासाठी १८व्या शतकातील रसायनशास्त्राची वाट पाहावी लागली. जोसेफ प्रीस्टलीने १७७१ मध्ये दाखवले की मेणबत्ती जळून ‘बिघडलेली’ बंद भांड्यातली हवा पुदिन्याच्या डहाळीने पुन्हा सुधारते. यान इंगेनहाउस याने १७७९ मध्ये पाण्याखाली बुडवलेल्या पानांवरचे बुडबुडे निरखले आणि हे काम फक्त हिरवे भाग, तेही सूर्यप्रकाशातच करतात, हे सिद्ध केले. काचेच्या पेटीला लागणारे अर्धे ज्ञान येथे हाती आले होते, पण ते माशांशी जोडायला आणखी सत्तर वर्षे गेली.

जोडणाऱ्यांपैकी पहिले नाव झान व्हिलप्रो-पॉवर हिचे घ्यायला हवे, आणि ते पुरेसे घेतले जात नाही याचे मला वाईट वाटते. १७९४ मध्ये फ्रान्समधल्या एका खेड्यात चर्मकाराच्या घरी जन्मलेली ही मुलगी पॅरिसला जाऊन शिवणकाम करू लागली, लग्नानंतर सिसिली बेटावरील मेसिना येथे स्थायिक झाली, आणि तेथे स्वतःच्या अभ्यासाने निसर्गशास्त्रज्ञ झाली. आर्गोनॉट नावाचा अष्टपादांच्या कुळातला एक जीव पातळ शंखात राहतो. तो शंख तो स्वतः बनवतो की शंखवासी खेकड्यासारखा दुसऱ्याचा उचलतो, हा वाद तेव्हा विद्वानांत चालू होता. मेलेल्या नमुन्यावरून हे ठरणे शक्य नव्हते. जिवंत प्राणी दिवसेंदिवस डोळ्यांसमोर ठेवणे हा एकच उपाय होता. तिने १८३२ च्या सुमारास समुद्राच्या पाण्याच्या काचेच्या पेट्या करून घेतल्या, त्यांत आर्गोनॉट वाढवले, त्यांचे शंख मुद्दाम फोडून ते स्वतःच कसे दुरुस्त करतात हे पाहिले आणि वाद मिटवला. शोभेसाठी नव्हे, तर एका प्रश्नाचे उत्तर मिळावे म्हणून काचेची पेटी जन्माला आली, ही गोष्ट या छंदाची मान उंचावणारी आहे.

लंडनमध्ये दुसरा धागा विणला जात होता. नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरांनी १८२९ च्या सुमारास एका पतंगाचा कोश ओलसर मातीसह बंद बाटलीत ठेवला. शहराच्या कोळशाच्या धुरात त्यांची नेचे (फर्न) जगत नसत, पण त्या बाटलीत नेच्याचे रोप आपोआप उगवून वाढू लागले. यातून निघालेल्या बंद काचपेट्यांनी जगभरची रोपे जहाजांवरून नेली. चीनची चहाची रोपे १८५० च्या आसपास भारतात आली तीही अशाच पेट्यांतून. अ‍ॅना थिन या बाईंनी १८४६ मध्ये समुद्रकाठच्या टॉर्की गावाहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. समुद्राचे पाणी ताजे ठेवण्यासाठी त्यांची मोलकरीण ते पाणी उघड्या खिडकीजवळ एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात पुन्हा पुन्हा ओतत असे. आज जे काम एअर पंप करतो, ते तिने हातांनी केले. पुढच्या वर्षी अ‍ॅना थिन यांनी भांड्यात समुद्री वनस्पती ठेवल्या आणि हे कष्ट बरेच हलके झाले.

या सर्वांची नीट मांडणी केली ती रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने. त्याने गोड्या पाण्याच्या टँकमध्ये गोल्डफिश सोडले आणि वाळूत व्हॅलिस्नेरिया ही पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती लावली. सुरुवातीला बरे चालले, मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवा थर चढला. तेव्हा त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजलेली पाने आणि थर खाल्ला, त्यांची अंडी माशांनी खाल्ली, माशांच्या विष्ठेवर वनस्पती पोसली, आणि पाणी न बदलता टँक चालू राहिला. १८५० मध्ये त्याने हा प्रयोग लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. यापूर्वी ज्यांनी मासे पाळले त्यांनी मासा सांभाळला होता. वॉरिंग्टनने पहिल्यांदा पाणी सांभाळले, आणि मासा त्यामुळे जगला.

पुढचे झपाट्याने घडले. ब्रिटनमध्ये काचेवरचा कर १८४५ मध्ये रद्द झाल्याने काच स्वस्त झाली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात जगातील पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्याच्या उभारणीत निसर्गशास्त्रज्ञ फिलिप हेन्री गॉस याचा मोठा वाटा होता. पाठोपाठ १८५४ मध्ये गॉसचे या विषयावरचे रंगीत चित्रांचे पुस्तक आले आणि मध्यमवर्गीय घरांत टँकची लाटच उसळली. रेल्वेने समुद्रकाठी जाऊन लोक खडकांवरचे जीव बादल्या भरभरून आणू लागले. गॉसच्या मुलाने पुढे खेदाने लिहिले की वडिलांच्या पुस्तकांनी प्रेरित झालेल्या हौशी लोकांनीच ते किनारे ओरबाडून रिकामे केले. ही लाट दहा-बारा वर्षांत ओसरली, कारण बहुतेकांचे टँक काही आठवड्यांत सडले.

ते का सडले? वॉरिंग्टनचा सिद्धांत अर्धाच खरा होता. मासे आणि वनस्पती यांचा ‘समतोल’ साधला की झाले, असे लोक अनेक दशके मानत राहिले, पण वनस्पती रात्री स्वतःच ऑक्सिजन वापरतात, आणि दिवसाही त्या माशांची सगळी घाण संपवू शकत नाहीत. खरे काम करणारे जीव डोळ्यांना दिसतच नव्हते.

मासा श्वास घेतो तेव्हा त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. न खाल्लेले दाणे आणि विष्ठा कुजूनही अमोनियाच होतो. अमोनिया कल्ले जाळतो आणि थोड्या प्रमाणातही माशाला मारतो. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९० च्या सुमारास असे जिवाणू वेगळे काढून दाखवले, जे अमोनियावरच जगतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट बनवतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट बनवतो. नायट्राइट हेही विषच आहे, कारण ते माशाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची शक्ती काढून घेते. नायट्रेट मात्र बरेच निरुपद्रवी असून वनस्पती ते घेतात आणि उरलेले पाणी बदलताना निघून जाते. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत. ते खडीवर, काचेवर आणि मुख्यतः फिल्टरच्या स्पंजवर चिकटून राहतात, सावकाश वाढतात, आणि नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नव्या टँकमधले मासे पहिल्या पंधरवड्यात का मरतात, याचे उत्तर एवढेच आहे. टँक चकचकीत असतो, पाणी स्फटिकासारखे दिसते, दुकानातून हौसेने दहा-बारा मासे आणलेले असतात, आणि त्यांचा अमोनिया संपवणारे कोणीही तेथे नसते. मग घाबरून माणूस सगळे पाणी ओतून देतो, खडी नळाखाली खसखसून धुतो, स्पंज साबणाने स्वच्छ करतो, आणि जे थोडे जिवाणू जमू लागले होते तेही घालवतो. नळाच्या पाण्यातला क्लोरीन तर जंतू मारण्यासाठीच घातलेला असतो. तो चांगले-वाईट जंतू निवडत नाही. उपाय साधा आहे. ज्याचा टँक वर्षभर नीट चालू आहे अशा ओळखीच्या माणसाकडून वापरातल्या स्पंजचा तुकडा आणून, तो ओला असतानाच आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. दुधाला विरजण लावावे तसे हे काम होते. पहिल्या महिन्यात दोन-तीनच मासे ठेवावेत, दाणे दोन मिनिटांत संपतील इतकेच घालावेत, आठवड्याला साधारण पाव हिस्सा पाणी बदलावे, आणि स्पंज धुवायचाच तर टँकमधून काढलेल्या पाण्यातच पिळून घ्यावा.

आता पॅराडाइज माशाकडे परत येऊ. समुद्री टँकची लाट ओसरल्यावर छंद टिकला तो गोड्या पाण्यावर, आणि त्यात जर्मनीचा वाटा मोठा होता, कारण तेथील बहुसंख्य गावे आपल्या सोलापूरसारखीच समुद्रापासून दूर होती. एमिल रोसमेसलर यांनी १८५६ मध्ये एका लोकप्रिय साप्ताहिकात लेख लिहून गावतळ्यातले मासे आणि वनस्पती घरी कशा ठेवाव्यात हे सांगितले. १८६९ मध्ये चीनहून पॅराडाइज मासे पॅरिसला आले आणि प्येर कार्बोनिए यांनी त्यांची वीण यशस्वी केली. या माशाच्या कल्ल्यांच्या वर चक्रव्यूहासारखी एक पोकळी असते, जिच्यात तो वरची हवा घेऊन थेट श्वास घेऊ शकतो. गुरामी आणि आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात तो सयामचा (आजच्या थायलंडचा) मासा यांच्यातही ही रचना आहे. महिनोन्‌महिन्यांच्या जहाजप्रवासात, ऑक्सिजन संपलेल्या डब्यात, बाकीचे मासे मेले तरी हे जगले. म्हणून उष्ण देशांतले जे मासे युरोपच्या घरांत आधी पोहोचले, त्यांत हे आघाडीवर होते. त्यांचा नर बुडबुड्यांचे घरटे बांधतो, अंडी तोंडात घेऊन त्यात ठेवतो आणि त्यांची राखण करतो, हे पाहून लोक हरखून गेले, आणि मासा नुसता पाहण्याचा न राहता वाढवण्याचा विषय झाला.

मग गप्पी आला. व्हेनेझुएला आणि त्रिनिदादकडचा हा चिमुकला मासा अंडी घालत नाही. सुमारे चार आठवड्यांनी पोहणारी पिल्लेच जन्माला घालतो. मादी नराचे बीज कित्येक महिने साठवून ठेवू शकते, त्यामुळे एकटी मादी आणली तरी पिल्ले होत राहतात. डासांच्या अळ्या खातो म्हणून तो २०व्या शतकात हिवतापाच्या नियंत्रणासाठी जगभर सोडला गेला, भारतातही आला, आणि आपल्याकडे आरोग्य खात्याचे कर्मचारी हौदात आणि विहिरीत गप्पी मासे सोडतात हे प्रत्येक मराठी घराला माहीत आहे. माझ्या ओळखीतल्या कित्येकांचा पहिला मासा दुकानातून आलेला नव्हता. तो सार्वजनिक हौदातून चहाच्या गाळणीने पकडलेला गप्पी होता, जो बरणीत ठेवला आणि महिन्याने बरणीत पंधरा मासे दिसले. या छंदात शिरण्याची इतकी प्रामाणिक वाट दुसरी नाही, कारण तिच्यात पैसा नाही, नुसते कुतूहल आहे.

आपल्या देशातील माशांनीही जगाला पुष्कळ दिले. बंगाल-बिहारकडच्या ओढ्यांतला निळ्या पट्ट्यांचा झेब्रा मासा फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये प्रथम शास्त्रीय नावाने नोंदवला. तो काटक असल्याने टँकमध्ये लोकप्रिय झाला. पुढे ओरेगन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी दुकानातून आणलेल्या अशाच माशांवर आनुवंशिकतेचे प्रयोग केले. त्यांचे १९८१ मधील संशोधन प्रसिद्ध झाल्यानंतर हा मासा जगभरच्या वैद्यकीय प्रयोगशाळांत पोहोचला.

छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला त्यामागे काही अगदी साध्या वस्तू आहेत. विजेवर चालणारे पंप आले. पूर्वी लोखंडी अँगलच्या चौकटीत पुट्टीने काचा बसवत, पुट्टी वाळली की गळती लागे आणि लोखंड गंजे. १९६० च्या दशकात सिलिकॉन आले आणि नुसत्या काचा एकमेकींना चिकटवून टँक बनू लागला. प्लॅस्टिकच्या पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन भरून, आधी उपाशी ठेवलेले मासे हजारो किलोमीटर पाठवता येऊ लागले. उपाशी अशासाठी, की पिशवीतल्या पाण्यात अमोनिया कमी साचावा. मुंबईत मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये एका पारशी दात्याच्या देणगीच्या साहाय्याने तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले आणि गावाकडून मुंबई पाहायला गेलेल्या दोन-तीन पिढ्यांनी काचेआडचा मासा आयुष्यात प्रथम तेथे पाहिला. चेन्नईतील कोलत्तूर शोभेच्या माशांच्या पैदाशीसाठी प्रसिद्ध झाले, आणि सोलापूर मुंबई-चेन्नई लोहमार्गावर आहे.

सोलापुरात टँक ठेवणाऱ्याने दोन गोष्टी आधी समजून घ्याव्यात: आपले पाणी आणि आपला उन्हाळा. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणारे बोअरचे पाणी जड, क्षाराचे असते आणि त्याचा सामू (पीएच, म्हणजे पाणी आम्ल की अल्क हे सांगणारा आकडा) बहुधा सातच्या वर, अल्क बाजूला, असतो. गप्पी, मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्ले घालणाऱ्या माशांना असेच पाणी मानवते. याउलट निऑन टेट्रा हा अ‍ॅमेझॉनच्या मऊ, किंचित आम्ल पाण्यातला मासा आहे. नवख्या माणसाने बोअरच्या पाण्यात तो आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. क्षाराच्या पाण्यात आणखी एक धोका आहे, जो दुकानात क्वचितच सांगितला जातो. अमोनियाचा जो प्रकार खरा विषारी असतो, त्याचे प्रमाण सामूबरोबर वाढते: २५ अंशांना सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या शंभरात अर्धाच भाग विषारी रूपात असतो, सामू ८ झाला की तो शंभरात पाचच्या वर जातो. म्हणजे तेवढीच घाण आपल्याकडे जवळजवळ दहापट घातक ठरते, आणि म्हणून दाणे घालताना हात आखडता ठेवणे येथे अधिक गरजेचे आहे. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने आपण ते पिंपात साठवतोच. दिवसभर उघडे ठेवलेल्या पाण्यातला क्लोरीन उडून जातो, त्यामुळे टँकमध्ये घालायला साठवणीचे पाणीच चांगले.

उन्हाळा जास्त कठीण. पाणी २० अंशांवर असताना त्यात लिटरला ९ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३५ अंशांवर तो ७ मिलिग्रॅमच्याही खाली येतो, आणि त्याच वेळी गरम पाण्यात माशाच्या शरीराची ऑक्सिजनची मागणी वाढलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा टँक खिडकीच्या उन्हातून हलवावा, मासे कमी ठेवावेत, दाणे निम्मे करावेत आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा. आपली हवा कोरडी असल्याने बाष्पीभवन जोरात होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. उडालेल्या पाण्याची भर तेवढी रोज घालावी लागते. बर्फ टाकू नये, कारण अचानक बदलाने मासा उष्णतेपेक्षा लवकर दगावतो. दुपारी लाइट गेल्यावर फिल्टर बंद पडतो आणि त्यातले जिवाणूही ऑक्सिजनवाचून मरू लागतात, म्हणून बॅटरीवरचा छोटा पंप घरात असलेला बरा.

शेवटी सकर या माशाविषयी लिहिलेच पाहिजे. काच साफ करतो आणि माशांची विष्ठा खातो, असे सांगून दुकानात दोन इंचांचा सकर दिला जातो. तो शेवाळ खातो हे खरे. विष्ठा खात नाही, उलट स्वतः सर्वांत जास्त घाण करतो. दक्षिण अमेरिकेतला हा हाडांच्या चकत्यांच्या चिलखताचा मासा फुटाहून मोठा होतो, टँकमध्ये मावेनासा होतो, आणि जीव मारवत नाही म्हणून लोक त्याला तलावात किंवा नदीत सोडून देतात. तेथे त्याला खाणारे फारसे कोणी नाही, कमी ऑक्सिजनच्या घाण पाण्यातही तो पोटातून हवा घेऊन तगतो, काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो आणि त्याच्या काटेरी पंखांनी कोळ्यांची जाळी फाटतात. भीमेच्या खोऱ्यात, उजनीतही, तो जाळ्यात सापडू लागला आहे. ज्याला सकर सांभाळायचा असेल, त्याने निदान चार फुटांच्या टँकची तयारी ठेवावी. ज्याच्याकडे तेवढी जागा नाही, त्याने वाढलेला सकर दुकानदाराला किंवा मोठा टँक असलेल्या माणसाला द्यावा. सिद्धेश्वर, कंबर किंवा हिप्परगा या आपल्या तलावांत तो सोडू नये, आणि भीमेत तर मुळीच नाही, कारण भीमा पुढे रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि तेथून खालचे सारे खोरे त्याला मोकळे होते.